तळमजल्याची खोली

आमच्या कंपनीचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. बस नव्हती, विमान नव्हतं, हॉटेलातली एक खाटसुद्धा नव्हती. लोकांनी मोबाइलवर बोट फिरवून कुठं जायचं ते ठरवायचं, मग दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसून तिसऱ्याच कुणाच्या खोलीत उतरायचं. मधे आम्ही. सगळं सुरळीत पार पडलं तर आम्ही आहोत हे गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नसे. बिघडलं की फोन. त्यामुळे नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी ज्या सहली ऐकल्या त्या बिघडलेल्याच. हसतखेळत घरी परतलेला माणूस मदत केंद्राला फोन करत नाही.

मी मूळची नांदेडची. अब्बांची स्टेशनजवळ खासगी बसच्या बुकिंगची टपरी होती. गाडी आली नाही, सीट दुसऱ्याला दिली, असं काही झालं की गिऱ्हाईक थेट टपरीवर येऊन अब्बांची गचांडी धरायचं. अब्बा त्याला आधी पाणी द्यायचे, मग स्वतः दुसऱ्या गाडीमागं पळत जाऊन ड्रायव्हरशेजारी का होईना, त्याची सोय लावायचे. मी लग्न होऊन लातूरला आले आणि तोच धंदा कानाला हेडफोन लावून करू लागले. फरक एवढाच, की आमची गचांडी कुणाच्या हाताला लागत नव्हती. हे सुरुवातीला मला बरं वाटलं होतं. पुढं कळलं, की गचांडी धरता आली नाही की माणूस जास्त हवालदिल होतो.

कंपनी पुण्याची. मराठी फोन घेण्यासाठी तिनं लातुरात शाखा काढली, ती क्लासेसच्या भागात. एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही, खाली सगळे क्लास. जिन्यात चपलांचे ढीग, भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमच्या फोनचं वेळापत्रकही त्या पोरांच्या परीक्षांवरच चालायचं. तेव्हा वैद्यकीयला प्रवेश घ्यायचा तर जागोजागच्या वेगवेगळ्या परीक्षा असत. कुणाचं केंद्र भोपाळला पडे, कुणाचं दिल्लीला. आईबाप पोराला घेऊन निघायचे, आणि त्यांतले कित्येक महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच पाऊल टाकत असायचे.

मला मराठी येत होती, घरची दखनी होती आणि आजोळ बिलोलीचं असल्यानं कामापुरती तेलुगूही होती. तेवढ्यावर नोकरी लागली. प्रशिक्षणात शिकवलं ते आवाजाचं काम. दिलगिरी आवाजात दिसली पाहिजे, पण चूक कबूल करायची नाही. ‘नक्की’ हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. ‘आम्ही प्रयत्न करू’ एवढंच म्हणायचं. कारण खोली दुसऱ्याची, गाडी दुसऱ्याची. आपण कशाच्या जोरावर नक्की म्हणणार?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जळकोटचा एक माणूस बस चुकली म्हणून इतका ओरडला, की मी हेडफोन कानापासून लांब धरला. ओरडून झाल्यावर म्हणाला, “भावाच्या मातीला निघालो होतो बाई. आता काय पोचत न्हाई मी.” मी दुसरी गाडी शोधत होते, तर तो म्हणाला, “शोधा सावकाश. फोन ठिवू नका फक्त.” मुदखेडच्या एक बाई दर महिन्याला फोन करून काश्मीरची सहल ठरवायच्या. बर्फात कोणते बूट लागतात, शिकाऱ्यात बसताना भीती वाटते का, सगळं विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “बघून राहिले हो अजून.” मागून त्यांच्या नवऱ्याचं कण्हणं ऐकू यायचं. तो अंथरुणाला खिळलेला होता. आमच्याकडे त्या बाईंच्या नंबरापुढं ‘खरेदी करत नाही’ असा शेरा होता. मी त्यांचा फोन आला की घेत असे. पुढं त्यांचे फोन यायचे बंद झाले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

लातूरच्या दक्षिणेकडचे लोक खोली घेताना एक गोष्ट हमखास सांगायचे. तळमजल्याची द्या. दाराजवळची द्या. पुण्याच्या प्रशिक्षक मॅडमना वाटलं, गुडघेदुखी असेल. मी त्यांना सांगितलं, “मॅडम, हे भूकंपातले लोक आहेत.” भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला शाळेत शिकत होते. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, एवढंच. पण लातूरला राहायला आल्यावर शेजारपाजारी कुणाचं कोण गेलं ते हळूहळू कळत गेलं. तेव्हा तळमजल्याची मागणी आली की कारण न विचारता मी नोंद करायची आणि शिवाय हॉटेलला स्वतः फोन लावायची. या लोकांना कशाची भीती वाटते ते आपल्याला कळतं, असा मला थोडा अभिमानच होता.

काशिनाथकाकांचा पहिला फोन त्याच कामासाठी आला. औशाकडचे शेतकरी. गाव भूकंपात पडलं, सरकारनं दुसऱ्या जागी वसवलं, तिथं राहणारे. मुलगी प्रणिता लातूरला क्लासला होती, आई तिच्यासोबत खोली घेऊन राहायची. तिच्या परीक्षेचं केंद्र दिल्लीला आलं होतं. तिघं जाणार होते, काका, मावशी म्हणजे त्यांची बायको, आणि मुलगी. काका म्हणाले, “ताई, बाकी कसंबी असू द्या. खोली तेवढी खालची बगा. हिची आई वर चढायची न्हाई.” मी केंद्राजवळचं हॉटेल बघितलं, तिथल्या मॅनेजरशी बोलले. त्यानं तळमजल्याची खोली कबूल केली. मी काकांना तसं सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी काकांचा फोन माझ्याच टेबलावर आला. आवाज फाटला होता. “ताई, हितं खाली खोलीच न्हाई. तिसऱ्या माळ्यावर जा म्हणून राहिले.”

मी हॉटेलला फोन लावला. तळमजल्याच्या खोल्यांत पाण्याची पाइप फुटली होती, फरशी उखडून ठेवली होती. मॅनेजर वैतागलेला. “मॅडम, तीसरी मंज़िल का सबसे अच्छा कमरा दे रहा हूँ, और ये लोग सीढ़ी के पास बैठे हैं. मेरे बाकी गेस्ट देख रहे हैं.” मी त्याला भूकंपाचं सांगितलं. तो म्हणाला, “बीस साल हो गए होंगे न, मॅडम?”

मग मी आसपासची हॉटेलं धुंडाळली. परीक्षेमुळे सगळी भरलेली. जिथं खाली खोली होती ते ठिकाण केंद्रापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझा वरिष्ठ निखिल, पुण्यात बसायचा, पोरगा वाईट नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, त्यांना एसीची खोली दे, पाचव्या मजल्यावर रिकामी दिसतेय.” तोच पुढं म्हणाला, “सॉरी. लक्षात नाही आलं.”

उन्हं उतरली तरी ती तिघं जिन्यापाशीच होती. काकांचा दर थोड्या वेळानं फोन. शेवटी एकदा फोनवर मुलगी आली.

“ताई, मी प्रणिता. तुम्ही दुसरी खोली शोधू नका. मला वर झोपायला काही अडचण नाही. लातूरला मैत्रिणींच्या खोल्या चौथ्या माळ्यावर आहेत, मी जाते की तिथं. मला फक्त जेवून पडायचंय. उद्या पेपर आहे.”

“मग आईला खाली लॉबीत बसू दे, तू नि बाबा वर जा.”

“तेच म्हणले. पण आईनं जा म्हणायला पाहिजे ना.”

“त्या नको म्हणतात का?”

“नको पण म्हणत नाही, जा पण म्हणत नाही. काही बोलतच नाही. मी पहिल्यांदाच विचारलं तिला असं.” तिनं आवाज बारीक केला. “ताई, आई मला कधी ‘झोप’ म्हणाली नाही. लहान होते तेव्हापासून. मी पेंगून जिथं पडायची तिथं ती अंथरूण घेऊन यायची. लातूरच्या खोलीत पण तसंच. मी पुस्तकावर डोकं ठेवलं की उशी आणून देते. इथं विचारलं, आई, वर जाऊन झोपू का, तर तशी दगडासारखी बसलीय. तिला सोडून मी वर गेले तर मला झोप येईल का सांगा.”

मी म्हटलं, “आईला दे फोन.”

फोन हातात गेल्याचं कळलं. बांगड्या वाजल्या. गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. आमच्याकडे अशा वेळी बोलायची ठरलेली वाक्यं होती. ती मी बाजूला ठेवली आणि घरी बोलतात तसं बोलले.

“मावशी, जेवलात का?”

“न्हाई.”

“पोरगी बी उपाशी असेल.”

“हाव.”

“भ्या वाटतंय का वर जायचं? इमारत पक्की हाय मावशी. मी इचारलंय त्यांना.”

“भ्या न्हाई बाई,” मावशी म्हणाल्या. “मालकाला वाटतंय, मला भ्या हाय. मी बी वाटू दिलं.”

मग त्या थांबत थांबत बोलल्या. माझ्या टेबलावर कॉल किती वेळ चालला ते दाखवणारा आकडा लाल होऊन मिचमिचत होता.

प्रणिताच्या आधी त्यांना एक मुलगी होती. सुरेखा. दहा-अकरा वर्षांची. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावाचे गणपती बुडवले होते. गल्लीतल्या पोरी रिकाम्या मांडवात झोपणार होत्या, गाणी म्हणत. सुरेखालाही जायचं होतं. काका रानात राखणीला होते. मावशींनी तिला जाऊ दिलं नाही.

“म्या म्हणलं, मांडवात झोपायचं न्हाई, घरात झोप. रडली लई. म्या हाताला धरून आत नेली, वाकळ घातली. झोप म्हणलं तवा झोपली.” मावशींचा आवाज तसाच सपाट होता. “मांडवातल्या सगळ्या पोरी जित्त्या राह्यल्या बाई. त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली. माझ्या घराची भिताडं दगडाची. मला दारातून उपसून काढलं. ती आतच राह्यली.”

मावशी पुढं बोलू लागल्या.

“वर का खाली, त्याचं काय न्हाई. मी झोप म्हणलं म्हणून ती झोपली. आता मी कुणाला कुठं झोप म्हणू? ह्या पोरीसाठी दवाखान्यात जाऊन लेकरं बंद केल्यालं आपरेशन उलटं करून घेतलं, तवा ही झाली. हिला मी कसं म्हणू, जा, वर झोप?”

इतकी वर्षं मी या लोकांची तळमजल्याची नोंद करत होते, आणि मला वाटत होतं मला सगळं कळतं. त्या बाईला खोली नकोच होती. तिच्या तोंडून सगळे जो शब्द मागत होते तो तिला द्यायचा नव्हता.

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही म्हणू नका. मी म्हणते.”

“तुमी?”

“हाव. पोरगी माझ्या शब्दावर वर जाईल. तुमच्या न्हाई. जे काय होईल ते माझ्या शब्दानं झालं म्हणायचं.”

मग म्हणाल्या, “नाव काय बाई तुमचं?”

इथं एक सांगायला पाहिजे. फोनवर आमची खरी नावं चालत नसत. कंपनीनं आल्या दिवशी सुटसुटीत नावं वाटली होती, माझ्या वाट्याला ‘नेहा’ आलं. सगळ्या गिऱ्हाइकांशी मी नेहा म्हणूनच बोलायची, काकांशीसुद्धा. पण एवढी मोठी गोष्ट दुसऱ्याच्या नावावर अंगावर घेणं मला जमेना.

“नसीम,” मी म्हटलं.

“नसीमबाई, मग तुमीच सांगा तिला.”

प्रणिता फोनवर आली. मी तिला म्हटलं, “बाळ, वर जा. जेव आणि झोप. सकाळी वेळेवर ऊठ.” ती ‘बरं ताई’ म्हणाली आणि गेली. काकाही तिच्याबरोबर गेले. मावशी खाली खुर्चीवर बसून राहिल्या. मॅनेजरनं त्यांना बसू दिलं, चहाही पाजला म्हणे.

घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या, लेकरांना वाढलं, पण चित्त तिकडंच. दिल्लीची ती इमारत मी कधी बघितली नव्हती. जिना कसा आहे, वायरी कशा आहेत, काही म्हणता काही ठाऊक नाही, आणि मी एका पोरीला तिथं झोपायला लावून आले होते. नवरा म्हणाला, “इतकी कसली फिकीर करून राहिलीस? रोजचेच फोन आहेत.” मला त्याला नीट सांगताही आलं नाही. सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या काकांना फोन केला. पोरगी केंद्रावर गेली होती. “झोपली का?” मी विचारलं. “गाढ,” काका म्हणाले.

तो कॉल रेकॉर्ड झाला होता, आमचे सगळेच होत. तपासणाऱ्यांनी ऐकला आणि मला शून्य गुण दिले. खरं नाव सांगितलं, हमी दिली, वेळ भरमसाट घेतला. निखिलनं मला फोन करून लेखी ताकीद येईल असं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाला, “ताई, मी पूर्ण ऐकला तो कॉल. पण त्या रात्री काही झालं असतं तर तू काय केलं असतंस?”

“तेच रात्रभर विचार करत होते,” मी म्हटलं.

प्रणिताचा त्या परीक्षेत नंबर लागला नाही. हे काकांनीच कळवलं, पुढं त्यांचा फोन आला नाही. दिवस गेले. कंपनीनं आधी रात्रपाळी बंद केली, मग लोक कमी केले. बहुतेक तक्रारींना आता यंत्र लिहून उत्तर देई. ‘आम्ही प्रयत्न करू’ हे वाक्य त्यालाही शिकवलेलं होतं, आणि ते म्हणताना यंत्र आमच्यासारखं थकत नसे. खालच्या क्लासेसची पोरं वाढतच होती. आमच्या मजल्यावर मात्र रिकाम्या खुर्च्या एकीवर एक रचून ठेवलेल्या.

शाखा बंद व्हायच्या सुमाराला एका सकाळी फोन वाजला. मी नेहमीसारखं नेहा म्हणून नमस्कार केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “तुमी नसीमबाई तर न्हाई?”

“हाव काका,” मी म्हटलं. आवाज लगेच ओळखला.

“आवो बाई, हायसा की तुमी तिथंच!” काका म्हणाले. “आमच्या हिनं किती फोन केले तुमाला. दर बारी दुसरंच कुणीतरी उचलायचं, आन नसीम नावाचं इथं कुणीच न्हाई म्हणायचं. एक पोरगी तर म्हणली, आजी, तुमाला कुणीतरी फसवलंय.”

माझ्या सोबतच्या पोरी मला नेहाच म्हणायच्या. निम्म्यांना माझं खरं नाव माहीतही नव्हतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

“कशाला करत होत्या फोन?”

“पोरीचा नंबर लागला की नागपूरला, नर्सिंगला. होस्टेलला जागा मिळाली, ती बी तिसऱ्याच माळ्यावर. हिचं एकच. नसीमबाईला इचारा, त्या म्हणल्या तर धाडू. लई दिवस वाट बगितली. होस्टेलात नाव लिवायची मुदत आली. पोरगी रोज आईच्या तोंडाकडं बगायची, आन ही फोन घिऊन बसायची.”

“मग?”

“मग काय. म्या म्हणलो, जा.”

मी विचारलं, “ती बरी आहे ना तिथं?”

“झ्याक हाय. फोन करती सांजच्याला.” आता ते हळू बोलू लागले, बहुतेक मावशी जवळपास असाव्यात. “मला तवा वाटायचं, ही उगंच करती. एक शब्द तर बोलायचाय. आता कळतंय बगा. पोरगी माझ्या शब्दावर गेली. तवापासनं ही गपगार झोपती, इतक्या वर्सांत पहिल्यांदा. मी जागा असतो.”

त्यांना नागपूरची दोन तिकिटं पाहिजे होती, पोरीला बघून यायला. मी काढून दिली. गाडी कुठल्या स्थानकावरून, किती वाजता, सगळं दोनदा सांगितलं. काकांनी लिहून घेतलं आणि विचारलं, “ताई, ते होस्टेल पक्कं असंल ना?”

मला ते होस्टेल कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

“नक्की,” मी म्हटलं.